भोकांचा हिशेब

फालोम्बेच्या बाजारात, मक्याच्या गिरणीला लागून
माझं दुकान: ट्रकच्या आसाचा तुकडा, तीच ऐरण,
दोन कात्र्या, आणि आंब्याची सावली.
बादल्या, नरसाळी, कोंबड्यांना पाणी प्यायची भांडी,
जे मागाल ते पत्र्यातून काढून देतो.
चुलीनं मात्र तीन महिने पिदवलं.

सुरुवात एलुबीच्या खोकल्यापासून झाली.
नाही, खोटं कशाला बोलू,
कोळशाचा भाव वाढला, तिथून झाली.
खोकला आधीचाच होता.

बाहेर रंगाचा डबा, आत दूधपावडरचा,
मधे बोटभर पोकळी, वाऱ्याला चढायला.
आतल्याच्या बुडाला भोकं,
गळ्याशी भोकांची एक माळ,
आणि डोक्यावर चकती, मधोमध वाटीएवढी कापलेली.
आत तुराट्या, वीतवीतभर तोडून, उभ्या, दाटीनं.
मुलांजेच्या पायथ्याला तूर नाही असं शेत नाही,
शेंगा काढल्यावर काटक्यांना कोण विचारतं!

आणि पेटवायचं वरून.
एलुबी म्हणाली, शेंडीकडून कुणी चूल पेटवतं का?
म्हटलं, जाळ उतरेल खाली, दमादमानं,
विहिरीत उतरणाऱ्या माणसासारखा,
त्याचा धूर येईल वर, गळ्याशी,
तिथं ताजी हवा भेटेल त्याला
आणि धूरच जळेल.
ती काही बोलली नाही.
पहिला डबा पेटवला तेव्हा
शेजारची फालेसी पाण्याचा हंडा घेऊन धावत आली.

बुडाची भोकं चार इंची खिळ्याची: तुराट्या भडाभडा खाऊन मोकळा.
सायकलच्या तारेची: गुदमरून गेला.
मधल्या मापाचा खिळा मिळाला, तर दारातून वारा शिरला
आणि ज्योत निघून गेली, चुलीत नुसता ठसका.
पाचव्याला माळ खाली पडली, सहाव्याला चकती तिरपी.
बाजारात लोक विचारत, वायसन, चाळणी करतोस काय?
रात्री झोपेतही मी भोकं मोजत होतो,
एकदा एलुबीच्या पाठीवर बोटानं.

सातवा डबा. संध्याकाळ. बारा मिनिटं धूर,
मग खोल श्वास घेतल्यासारखा आवाज,
आणि धूर कुठे गेला कळलंच नाही.
वाकून पाहिलं:
माळेतल्या प्रत्येक भोकातून एकेक ज्योत
मधोमध झुकलेली,
हौदाभोवती शेळ्या माना घालतात तशी.
एलुबीनं पातेलं ठेवलं. न्सिमा घोटताना
पहिल्यांदाच तिचं तोंड चुलीकडे होतं.

तळाशी उरला कोळसा, मूठ-दोन मूठ, काळा, खणखणीत.
माझा मेहुणा लामेक डोंगरावरून रात्री
सायकलवर पोती उतरवतो, चौकीला वळसा घालून.
त्यानं एक तुकडा उचलला, नखानं ठोकला,
म्हणाला, झाड कुठलं?
तूर, म्हटलं.
त्यानं तुकडा खिशात टाकला. हसला नाही.

आता उणं तेही सांगतो, मी विकणारा माणूस असलो तरी.
डबा चालतो पाऊण तास, घेवडा शिजायला लागतात तीन.
मधे काटकी टाकता येत नाही,
टाकलीत तर धूर मागचं सगळं उट्टं काढतो.
एवढ्यावर भागलं असतं.

पण ऑक्टोबरात एलुबीनं आढ्याची बियाण्याची कणसं काढली,
दरवर्षी चुलीवर टांगलेली, काजळीनं काळी पडणारी.
यंदा पिवळीधमक.
हातात घेतली तर पीठ गळालं.
सोंडे. दाण्यादाण्याला भोक,
माझ्यापेक्षा एकसारखं, कुठल्या खिळ्यानं पाडलं देव जाणे.
छपराच्या गवतालाही वाळवी लागलेली.
इतकी वर्षं तो धूर कामावर होता,
आणि मी त्याला न विचारता काढून टाकलं.

फालेसीकडून बियाणं उसनं आणलं.
आता शनिवारी तीन दगड मांडून एलुबी ओला पाला जाळते,
कणसांसाठी, खोकत.
आणि मी आठव्या डब्याला
एक फिरती पट्टी बसवतोय:
फिरवली की माळ झाकली जाईल,
आणि हवा तेव्हा, हवा तेवढाच,
धूर सुटेल.
अजून जमलेलं नाही.